आत बाळंतीण आहे

आमच्या प्रयोगशाळेत मला मिठागर म्हणतात. मी भांडुप पूर्वेला राहते, आमच्या गच्चीवरून खरीखुरी मिठागरं दिसतात, म्हणून म्हणत असते तर चाललं असतं. पण कारण दुसरंच आहे, आणि ते सांगितल्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. तेव्हा माझी अब्रू आधी मीच काढते.

आम्ही प्रोटीनचे स्फटिक वाढवतो. शरीरातली बहुतेक कामं प्रोटीनं करतात आणि कुठलं प्रोटीन काय काम करणार ते त्याच्या आकारावर ठरतं. आकार बिघडला की काम बिघडतं, काम बिघडलं की माणूस आजारी पडतो. तो आकार बघायचा तर एकटंदुकटं प्रोटीन भिंगाखाली दिसत नाही. कोट्यवधी प्रोटीनं ओळीत रचली जाऊन त्यांचा स्फटिक झाला, तरच त्यावर क्ष-किरण सोडून आतला आकार काढता येतो. आता प्रोटीनने ओळीत उभं राहावं म्हणून नेमकं काय करायचं, ते कुणालाच ठाऊक नाही. वेगवेगळ्या द्रावणांवर शेकडो थेंब लावायचे आणि वाट बघायची. बहुतेक थेंबांत नुसता गाळ बसतो.

गेल्या मार्चमध्ये मला एका थेंबात लखलखीत स्फटिक दिसले. मी ओरडत जिना उतरले, दोन किलो पेढे आणले आणि वॉचमनपासून तळमजल्यावरच्या स्क्रूच्या कारखान्यातल्या माणसांपर्यंत सगळ्यांना वाटले. आठव्या दिवशी कळलं की ते प्रोटीन नव्हतंच. माझ्या थेंबात फॉस्फेट राहून गेलं होतं, त्याच्या खालच्या द्रावणात कॅल्शियम होतं, दोघं एकमेकांना भेटले आणि त्यांचं मीठ झालं. दहावीच्या पोराने केली नसती अशी चूक मी पीएचडी झाल्यावर केली. मिठाचे पेढे वाटणारी बाई म्हणून अंधेरीच्या एमआयडीसीत माझं नाव झालं. तेव्हापासून कुणी खारे शेंगदाणे आणले तरी आमचा सुयोग म्हणतो, "चेतना, तुझा प्रबंध आलाय गं."

सुयोग आणि मी एकाच वयाचे, त्यामुळे मी त्याला तिथल्या तिथे परत करते. आमच्या प्रमुख वसुधा मॅडम. त्या हसत नाहीत, नुसतं चष्म्यावरून बघतात, आणि ते जास्त लागतं. आणि चौथे दशरथदादा.

दशरथदादा आमच्याकडे मदतनीस आहे. बाटल्या धुणं, त्या वाफेच्या भांड्यात उकळून जंतुविरहित करणं, थंड खोलीवर लक्ष ठेवणं, ही त्याची कामं. मूळ मालवणकडचा, वडील परळच्या गिरणीत होते, आता राहायला घाटकोपरला. वय सेहेचाळीस. दीड वर्षापूर्वी एका सकाळी वाफेच्या भांड्यातून काढलेली काचेची बाटली त्याने नुसत्या हाताने उचलली आणि माझ्याशी क्रिकेटवर बोलत उभा राहिला. भाजल्याचा वास मला आला. त्याला काहीच दुखलं नव्हतं. मी किंचाळले तेव्हा त्याने हाताकडे बघितलं.

मॅडमनी त्याचं मनगट धरलं आणि त्याला सरळ डॉक्टरकडे नेलं. चार महिन्यांच्या तपासण्यांनंतर निघालं ते असं. आपल्या यकृतात ट्रान्सथायरेटिन नावाचं एक प्रोटीन तयार होतं. चार सारखे तुकडे एकमेकांना धरून राहतात आणि रक्तातून थायरॉइडचं संप्रेरक वाहून नेतात. दशरथदादाच्या प्रोटीनमध्ये जन्मापासून एक बारीकसा बदल आहे. त्यामुळे ते चार तुकडे एकमेकांचे हात सोडतात, आणि सुटलेले तुकडे गुंतत गुंतत नसांमध्ये जाऊन बसतात. आधी पाय बधिर होतात, मग हात, मग चाल बिघडते, आणि शेवटी हृदय.

यावर औषध आहे. त्या चार तुकड्यांच्या मधोमध दोन खोबणी असतात, तिथे औषध जाऊन बसतं आणि तुकड्यांना सुटू देत नाही. गेलेलं परत येत नाही, पण पुढचं जाणं थांबतं. औषध अशा रुग्णांसाठीच्या एका योजनेतून मिळणार होतं. पण दशरथदादाचा नेमका बदल कुठल्याच यादीत नव्हता. त्या योजनेच्या समितीने एका ओळीत लिहून विचारलं होतं: या बदललेल्या प्रोटीनमध्ये औषध बसतं का, ते दाखवा.

"मग आपल्याकडेच बघा ना," दशरथदादा मॅडमना म्हणाला होता. "पाच वर्षं तुमच्या बाटल्या धुतोय. माझं प्रोटीन बघायचं काय घ्याल?"

एक गोष्ट मात्र त्याने आम्हाला बजावून ठेवली होती. त्याची मुलगी गार्गी वीस वर्षांची. हा बदल तिच्यात उतरला असण्याची शक्यता निम्मी-निम्मी. साध्या रक्ताच्या तपासणीतून कळतं. पण तिच्यासमोर त्या तपासणीचा विषय काढायचा नाही. "औषध लागू नसेल तर कळून करायचं काय?" तो म्हणायचा. "पोरगी आत्तापासून रोज पाय चाचपत बसेल. नको."

म्हणजे प्रश्न एकाच माणसाच्या पायांचा नव्हता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आम्ही त्याच्या बदलासकट प्रोटीन बनवलं, शुद्ध केलं, सहाशेच्या वर थेंब लावले. गाळ, गाळ, गाळ. त्यातल्या निम्म्या थेंबांच्या काचा खुद्द त्यानेच धुतल्या होत्या.

जानेवारीच्या बारा तारखेला, सोमवारी सकाळी, मी एक्केचाळीस दिवसांपूर्वी लावलेली थाळी सवयीने भिंगाखाली सरकवली. या थाळीत चोवीस खाचा असतात, प्रत्येक खाचेवर काचेला उलटा टांगलेला एकेक थेंब. सतराव्या थेंबात, गाळाच्या कडेला, एक स्फटिक होता. लहानसा, सहा बाजूंचा, कडा धारदार.

मी ओरडले नाही. तोंडावर हात दाबून पाच मिनिटं बसून राहिले आणि मनात द्रावणं तपासली. फॉस्फेट नाही. कॅल्शियम नाही. पण जस्त होतं थोडं. जस्ताचंही मीठ होऊ शकतं! मी हळूच सुयोगला बोलावलं. त्याने बघितलं आणि पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही.

"यार," तो म्हणाला, "हे झकास आहे. पण..."

"बोलू नको ते."

"मी काय बोललो?"

"मीठ म्हणणार होतास."

वसुधा मॅडमनी बराच वेळ भिंगातून पाहिलं. मग चष्मा काढला. "एकच आहे?"

"एकच."

"फोड."

प्रोटीन आहे की मीठ, हे ओळखायची आमच्याकडे एक जुनी रीत आहे. ॲक्युपंक्चरची बारीक सुई घ्यायची आणि स्फटिक दाबायचा. मीठ असेल तर कट्ट करून तडकतं, बोटाला ते कळतं. प्रोटीनच्या स्फटिकात निम्मं पाणीच असतं, तो आवाज न करता मऊ चुरा होतो. पण फोडलेला स्फटिक संपला. आणि इंदूरच्या क्ष-किरणांच्या यंत्रावर आम्हाला एकोणीस तारखेची वेळ मिळाली होती, त्यानंतरची तीन महिन्यांनी. समितीची बैठक तेवीसला.

माझं डोकं तडकलं. "मॅडम, एक्केचाळीस दिवसांनी एक आलाय! हा असाच इंदूरला नेऊ. फोडायचा काय?"

"आणि तिथे मीठ निघालं तर?" मॅडम शांतपणे म्हणाल्या. "वेळ गेली, बैठक गेली. शिवाय या थेंबात औषध नाही. समितीने विचारलंय, औषध बसतं का. रिकामी खोबण दाखवून काय उपयोग? फोड. प्रोटीन असेल तर त्या चुऱ्यानेच विरजण लावता येईल."

विरजण हा मॅडमचा शब्द, आणि तो बरोबर आहे. स्फटिकाचा चुरा ताज्या थेंबात घातला तर त्या कणांभोवती नवे स्फटिक धरू लागतात, आणि आपणहून यायला एक्केचाळीस दिवस लागले तिथे तीन-चार दिवसांत येतात. कधीकधी. कधीकधी काहीच येत नाही. मला तेच दिसत होतं, काहीच न आलेले चोवीस थेंब आणि हातचा गेलेला एक.

मी सुई उचलायला तयार नव्हते. आवाज चढला होता माझा. तेवढ्यात मागून दशरथदादाने विचारलं, "काय झालं? वाट लागली काय?"

त्याला सगळं सांगितलं. त्याने वाकून भिंगातून बघितलं. डावा हात टेबलावर घट्ट रोवून, कारण अलीकडे वाकताना त्याचा तोल जायचा.

"हा माझा?"

"तुझा. असला तर."

"नाहीतर मीठ?"

"नाहीतर मीठ," मी म्हटलं, आणि मला रडू यायला लागलं. रागाने, भीतीने, दोन्हीने.

"मग फोड ना गो," तो म्हणाला. भावनेत आला की तो मालवणीवर जातो. "माझा तां असात तर परत येतला. मिठाक घेऊन इंदुराक कित्याक जातंस?"

काच उघडली. थेंब वाळायच्या आत आपल्याकडे एखादं मिनिट असतं. सुईचं टोक मी स्फटिकावर आणलं. दाबलं. आवाजासाठी कान टवकारले होते. आवाज आला नाही. सुई आत गेली, थिजलेल्या तुपात जावी तशी, आणि स्फटिकाचे मऊ तुकडे थेंबभर पसरले.

"मॅडम!" मी ओरडलेच. "मऊ आहे! मऊ आहे!"

सुयोगने टेबलावर थाप मारली, मॅडम त्याच्यावर डाफरल्या आणि त्याच दमात हसल्या. मी मॅडमना हसताना तीन वर्षांत पहिल्यांदा बघितलं.

आता विरजण. चुरा नव्या थेंबात नेण्यासाठी मांजराच्या मिशीसारखं दुसरं काही नाही. केस निमुळता असतो, त्यावरच्या खवल्यांत स्फटिकाचे कण अडकतात, आणि थेंबातून एक रेघ ओढली की झालं. जगभरचे लोक मांजराची मिशी जपून ठेवतात. आमची शेवटची मिशी सुयोगने कचऱ्यात टाकली होती. एरवी मी त्याला तिथेच सोललं असतं, पण दशरथदादाने त्याच्याकडून घरी फोन लावून घेतलेलाही होता.

"गार्गी, ढमीची मिशी आहे काय गो तुझ्या कंपासात?"

दशरथदादाच्या घरची मांजर ढमी. बांगड्याचं डोकं खाऊन ती कपाटाखाली झोपते, आणि तिची गळलेली मिशी सापडली की गार्गी ती कंपासपेटीत ठेवते. लहानपणापासूनचा छंद. ती मेट्रोने तासाभरात हजर झाली. तोवर मी चुऱ्याचा थेंब नव्या काचेने झाकून ठेवला आणि ताजे थेंब तयार केले, बारा नुसत्या प्रोटीनचे आणि बारा औषध मिसळलेल्या प्रोटीनचे.

गार्गीने पाच मिशा आणल्या होत्या, कागदात गुंडाळून. मी एकेक थेंबातून रेघ ओढत होते आणि ती शेजारी श्वास रोखून उभी. वडील बाहेर गेल्यावर ती हळूच म्हणाली, "ताई, माझं पण तपासता येतं ना?"

मी दाराकडे बघितलं.

"मला माहितीये सगळं," ती म्हणाली. "नेटवर वाचलं. बाबांना सांगू नका. त्यांना वाटतं मला माहीत नाही, तर वाटू दे. ते हो म्हणाले की करीन."

मला खोटं बोलता येत नाही, म्हणून मी नवी मिशी उचलली. पुढची रेघ ओढली. तिला मात्र मनातून मी एक वचन देऊन टाकलं, औषध बसलेलं दाखवीन असं, आणि वचन देण्याइतकी माझी लायकी नाही हेही मला त्याच वेळी कळत होतं.

थाळी थंड खोलीत ठेवली. वाढणाऱ्या स्फटिकांना हादरे चालत नाहीत, आणि आमच्या इमारतीत कुणी दार हळू लावत नाही. दुपारी चहाहून परत आले तर खोलीच्या दारावर पुठ्ठा लटकत होता. दशरथदादाच्या मोठ्या, आता जरा वाकड्या झालेल्या अक्षरात: "आत बाळंतीण आहे. दार हळू लावा. फरशी पुसू नये."

लोक हसले, पण लागू पडलं. कुरिअरवाला पायऱ्या हळू चढायला लागला. तळमजल्यावरच्या कारखान्याच्या मालकाने निरोप पाठवला की, मोठं प्रेस मशीन दोन दिवस बंद ठेवतो, नाहीतरी दुरुस्ती करायचीच होती, आणि बाळंतिणीला काय झालं ते कळवा. दशरथदादा दाराशी स्टूल टाकून बसायचा. मी उठून खोलीकडे निघाले की म्हणायचा, "आत नाय. सारखं उघडून बघितलं की दही लागत नाय."

मंगळवार गेला. बुधवारी मी घरी आईवर, दुधावर आणि मांजरांच्या जातीवर चिडले. गुरुवारी मॅडम म्हणाल्या, "उद्या. आज नाही." मी त्यांच्याशी दिवसभर बोलले नाही.

शुक्रवारी सकाळी दशरथदादाने दार स्वतः उघडलं. मी थाळी भिंगाखाली ठेवली. पहिला थेंब, रिकामा. दुसरा, रिकामा. तिसऱ्यात चार स्फटिक होते. चौथ्यात सात. मी मोजत गेले आणि माझा आवाज चढत गेला, पाचवा, सहावा, आठवा, अगं बाई, नववा! चोवीसपैकी एकोणीस थेंबांत स्फटिक होते, आणि त्यातले नऊ औषधवाले. सुयोगने मला उचलून गोल फिरवलं, मी त्याला शिव्या देत होते आणि खाली ठेवू नको असंही वाटत होतं. एक स्फटिक फोडून बघितला. मऊ.

"आता पेढे?" सुयोग म्हणाला.

"एकही नाही," मी म्हटलं. "औषध आत बसलेलं दिसेपर्यंत कुणी पेढा म्हणायचं नाही."

शनिवारी मॅडम आणि सुयोग गोठवलेले स्फटिक घेऊन इंदूरला गेले. मला नेलं नाही. तू स्टेशनवरच पेढे वाटशील, असं मॅडमचं कारण. खरं कारण असं की आलेल्या मोजमापांवरून आकार काढण्याचं काम मी त्यांच्यापेक्षा जलद करते.

सोमवारी, एकोणीस तारखेला, दुपारी दोन वाजता इंदूरहून मोजमापं आली. मी गणित लावलं. संगणक हळूहळू जाळी विणत गेला. ही जाळी म्हणजे स्फटिकात कुठे कुठे अणू आहेत त्याचा नकाशा. आधी चार तुकडे दिसले, मग त्यांच्या पट्ट्या. मी अजून खोबणीकडे गेले नव्हते. दशरथदादाला हाक मारली. तो आला, खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. त्याच्या हातात एक पिशवी होती.

"बस ना, दादा."

"नको. दाखव."

मी नकाशा फिरवला आणि मधोमध गेले. खोबणीत हिरवी जाळी होती. लांबट, एका टोकाला फुगीर. औषधाचा सांगाडा मी तिच्यावर ठेवला आणि तो तिच्यात नीट मावला. दोन्ही खोबणींत. मी तीनदा तपासलं, कारण मी मिठागर आहे.

"बसलं?" त्याने विचारलं.

"बसलं."

"मीठ नाय ना?"

"मीठ नाही, दादा! बसलं! अगदी व्यवस्थित बसलंय!" मी उठून त्याचे दोन्ही हात धरले आणि हलवले, आणि मग लक्षात आलं की त्याला माझी पकड नीट जाणवत नसणार. म्हणून आणखी जोरात धरले.

मॅडमना फोनवर सांगितलं. पलीकडून सुयोगचा आरडाओरडा ऐकू आला. मॅडम म्हणाल्या, "नकाशा मला पाठव, मी गाडीतच अहवाल लिहिते. समितीला एवढंच हवं होतं."

दशरथदादा मात्र अजून पडद्याकडे बघत होता. "यात माझं बिघडलेलं कुठलं?"

मी नकाशा बाजूला सरकवला. खोबणीपासून लांब, कडेला, एका जागी चार अणू जास्त होते. म्हणूनच औषधाला अडचण झाली नव्हती. "हे बघ. एवढंच."

त्याने बोट पडद्यावर ठेवलं.

"ह्या एवढ्यासाठी," तो म्हणाला, "लोक माझ्या बापाशीक बेवडो म्हणीत. चालताना झोकांड्या जायच्या ना त्याच्या. गिरणीच्या गेटवर हसायचे. आम्ही पण... मी पण एकदा म्हटलं होतं त्याला, पिऊन आलास काय. माझो बापूस दारू पीत नव्हतो, चेतना."

"नव्हता पीत," मी म्हटलं. "इथे दिसतंय."

त्याने डोळे पुसले, पिशवी टेबलावर ठेवली. आत पेढ्यांचा खोका होता. सकाळीच आणलेला.

"अरे, आणि मीठ निघालं असतं तर?"

"तर काय, खाल्ले असते. पेढ्याक काय समाजता?"

मग त्याने फोन काढला. बोटांना बटणं नीट कळत नाहीत, म्हणून नंबर मी लावून दिला. पलीकडे पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला, जणू कुणी तो हातातच धरून बसलं होतं.

"गार्गी," तो म्हणाला, "उद्या कॉलेजाक जाव नको. सकाळी डॉक्टरकडे जाऊया, तुझं रक्त द्यायला." त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. "भियां नको. औषध असा."